समुद्राकडची बाजू

रुझारने गाडी जॅकवर घेतली,
खाली सरकून टॉर्च मारला आणि तिथूनच विचारलं,
"काका, ही एकाच कुशीर निजता काय?"

खरं होतं.
सोळा वर्षं खळ्यात एकाच जागी उभी,
डावी बाजू समुद्राकडे.
उजवी अजून कागदपत्रांत लिहिलेल्या रंगाची,
डावी खाऱ्या वाऱ्याने
सुक्या बांगड्यासारखी खपली धरलेली.
लोअर आर्म गेलेला. ब्रेकचा होज तडकलेला.
बेअरिंग गुणगुणतंय.
रुझारने काडेपेटीच्या पुठ्ठ्यावर यादी लिहिली.
"कंपनीचां आणतास, की लोकल?"

हे मला विचारलं.
देवगड डेपोच्या स्टोअरमध्ये
जाळीच्या खिडकीआड एकतीस वर्षं बसलेल्या मला.
तिथे हा प्रश्न कधी आलाच नाही.
माल वरून यायचा, मी नोंद करायचो,
खिडकीतून पार्ट सरकवायचो.
गाडी फोंडा घाटात बसली
तर शिव्या ड्रायव्हर खायचा.
माझी सही फक्त "दिले" या शब्दाखाली.

कणकवलीत पोकळ्यांच्या काउंटरवर
दोन आर्म शेजारी शेजारी.
एक खोक्यातला, होलोग्रामवाला, अठराशे चाळीस.
दुसरा हिंदी वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
ग्रीसने अर्धी बातमी खाल्लेली, साडेसातशे.
दोन्ही हातांत तोलून पाहिले.
वजन सारखंच.
पोकळे म्हणाले, "एकाच भट्टीतले असतीलही.
नसतीलही. होलोग्रामसुद्धा हल्ली डुप्लिकेट मिळतो."
माणूस खरं बोलत होता,
म्हणूनच राग आला त्याचा.

शालन स्टुलावर बसली होती, पाय लांब करून.
तिच्या गुडघ्याच्या वेळी कोल्हापूरला
डॉक्टरांनी अशीच दोन नावं पुढे ठेवली होती,
एक बाहेरचं, एक आपलं.
मी म्हटलं, आपलं काय वाईट आहे?
त्या दिवशी देशाभिमान फार बोलला,
पैसे गप्प बसून होते.
सात वर्षं झाली. गुडघा चालतो, छान चालतो.
तरी ती पायरी उतरताना
मी अजून एक आवाज ऐकतो,
जो तिथे नसतो.

रुझारला फोन लावला.
"काका, जां मरताना बोंब मारता तां स्वस्तातलां घेवा.
जां गुपचूप मरता तां कंपनीचां."
"म्हणजे?"
"बेअरिंग म्हयनोभर घुं घुं करून सांगता.
होज काय्येक सांगणा नाय."
"आणि आर्म?"
पलीकडे पाना फरशीवर पडल्याचा आवाज.
"आर्म खट्‌खट्‌ करता. दोन म्हयने करी होतो.
पण तुमका कमी ऐकाक येता, काका."

हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.
पोकळे पावतीपुस्तक शोधू लागले.
शालन हसली नाही,
म्हणजे तिला माहीत होतं.

बेअरिंग लोकल. होज कंपनीचा.
आर्मपाशी माझा हात थांबला.
ती उठली, खोक्यावर बोट टेकवून म्हणाली,
"हा घ्या.
गुडघ्यात वाचले होते ना,
असतील की अजून तुमच्याकडे."

सात वर्षांत एक शब्द नाही.
मी पाकीट काढलं,
नोटा दोनदा मोजल्या,
दोन्ही वेळा वेगळा आकडा आला.

संध्याकाळी रुझारने गाडी दारात आणून सोडली.
दार बंद करून मी एक फेरी मारली,
खड्ड्यांच्या, बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर.
काही वाजलं नाही,
किंवा वाजलं असेल.
परतल्यावर खळ्यात ती उलटी लावली,
रिव्हर्स घेत घेत,
माडाला घासता घासता वाचवून.
शालन ओट्यावर येऊन बघत राहिली.
"हे काय आता?"

"काही नाही," म्हटलं.
"आता उजवीला खाऊ दे थोडा वारा."