तीस पानांची मोळी

शंभर किलो पान यंत्रात गेलं
की चार किलो दोर बाहेर येतो.
उरलेल्या शहाण्णवाचं काय,
कोरोग्वेच्या मळ्यात कुणी विचारलं नव्हतं.
ते पाटातून वाहायचं,
हिरवट, आंबूस, फेसाळ,
मजुरांच्या खोल्यांमागे ढिगानं कुजायचं.
लाइनीतली पोरं वासावरून ओळखू येतात,
असं शाळेत मास्तर म्हणायचे.
मी पहिल्या बाकावर बसायचे नाही.

बाबा घायपात कापायचे.
तीस पानांची एक मोळी,
एकशेदहा मोळ्यांचा एक दिवस.
झोपेतही त्यांचा अंगठा
एकेका पेरावर टेकत जायचा.
पानाच्या टोकाला काटा असतो, दाभणासारखा.
डावा डोळा त्यानं नेला, मी दुसरीत असताना.
उजवा मागाहून गेला, हळूहळू,
कशानं ते डॉक्टरला सांगता आलं नाही.
मळ्यानं एक कागद दिला
आणि अंगठ्याला शाई.

मग मी त्या शहाण्णवाकडे गेले.

टोपल्या भरून चोथा आणला,
तीन दिवस उन्हात पसरला,
तेलाच्या रिकाम्या पिंपात उकळत्या पाण्यात दाबला.
मुहेझाहून बाटलीत बी आणलं होतं,
ज्वारीच्या दाण्यांवर पांढरं बुरशीचं जाळं.
विरजण लावावं तसं ते थरांमध्ये पेरलं,
पिशव्या बांधल्या, भोकं पाडली
आणि चौदा नंबरच्या खोलीत टांगल्या.
खिडकीला ओलं गोणपाट.

पहिल्या बारा पिशव्या हिरव्या पडल्या.
बी झैना दारात उभी राहून म्हणाली,
उयोगा देवाचं असतं, म्वानाहमिसी,
मोठा पाऊस सरला की वारुळावर येतं,
त्याला वाटेल तेव्हा.
कारखान्याच्या घाणीतून आलेलं
कोण तोंडात घालणार?
मी काही बोलले नाही.
बारा पिशव्या लांब नेऊन पुरल्या
आणि हात राखेनं घासले, कोपरापर्यंत.

दुसऱ्या खेपेला एकविसाव्या दिवशी
चोथा दुधासारखा पांढरा झाला.
मग भोकाभोकातून
टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी.

त्या खोलीत दिवा लावत नाही मी.
मी धडपडते, पिंपाला ठेचाळते.
बाबा नाही ठेचाळत.
ते न विचारता आत आले,
हात पुढे करून, जणू कुणाच्या घरी आलेत.
एका घोसावरून बोट फिरवलं:
कड अजून आत वळलेली आहे. उद्या.
दुसऱ्यावरून:
हे आज. कोयता नको,
बुडाशी धरून पिळ, म्हणजे सुटतं.
कोणी शिकवलं, मी विचारलं.
ते हसले. म्हणाले,
चाळीस वर्षं कापलं,
कापू नये ते कळायला एवढा वेळ लागतोच.

पहिल्या दिवशी नारळाच्या दुधात शिजवून
मी अंगणात सगळ्यांसमोर खाल्लं.
बी झैना संध्याकाळपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.
मेले नाही, तेव्हा वाटी घेऊन आली.

आता शुक्रवारी टांगाहून शेकिफु येतो,
तराजू पिंपावर ठेवतो,
साडेसहा किलो म्हणतो, कधी सात.
पैसे मोजतो.
पाट अजून वाहतो, मी त्यातलं किती वळवलं
हे मला सांगवत नाही,
फार थोडं असेल.
वापरलेला चोथा मक्याला घालते, मका बरा येतो.

बाबा किलोत बोलत नाहीत.
अंधारात टोपलीत एकेक ठेवतात,
अंगठा पेरावर टेकत,
तीस झाले की म्हणतात, एक मोळी,
आणि नव्यानं सुरू करतात.
काल शेवटची मोळी एकोणतीसवर थांबली.
त्यांनी सगळ्या पिशव्या पुन्हा चाचपल्या,
एका कोवळ्या घोसापाशी हात थांबला,
मी म्हटलं, घ्या ना, एकानं काय होतंय.

राहू दे, म्हणाले.
मुकादम बघत नाहीये.