बुटांची पाळी

जिल्ह्याहून फॉर्म आलाय: विद्यार्थ्यांची भावनिक स्थिती.
चौकटी तीन. उत्तम, मध्यम, चिंताजनक.
मी गणित शिकवतो म्हणून काम माझ्या गळ्यात.
मोजणारा माणूस, मोजू दे.

वसतिगृहात त्रेचाळीस पोरं. बेचाळिसांवर खुणा झाल्या.
दाशन्यामच्या नावापाशी पेन अडलंय.
शाई गोठली असेल. बाहेर उणे चौतीस.

सहा वर्षांचा. सप्टेंबरच्या एक तारखेला बापानं
मोटरसायकलवरून आणून सोडला, एकशेदहा किलोमीटर.
दोन मापं मोठे बूट,
खिशात वाळवलेल्या दह्याचे खडे
आणि एकच वाक्य: रडायचं नाही.
पोरगं शब्दाला पक्कं निघालं.
रडलं नाही, आणि बोललंही नाही.
ताट चाटूनपुसून जेवायचं, रांगेत सरळ उभं राहायचं,
वजाबाकी तर अशी करायचं, की मीच वहीकडे बघत राहायचो.
फॉर्मच्या हिशेबानं, उत्तम.

फक्त रात्री बूट काढत नव्हतं.

चादरी मळतात, मुख्याध्यापिका म्हणाल्या.
पायांना सूज येईल, नर्स म्हणाली.
दोन दिवसांत रुळेल, मी म्हणालो.
आमचा लाडका शब्द, रुळणं.
वाट कशानं रुळते, हे तेव्हा आठवलं नाही.

नऊ रात्री गेल्या.
शेगडीत कोळसा घालायला रात्री दोनदा उठणारी सेवजिद
(तिच्या हुद्द्याला धड नाव नाही; पगाराच्या यादीत ती ‘इतर’)
तिनं पाहिलं ते आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं:
रस्त्यावर मोटरसायकल वाजली
की पोरगं ताडकन उठून बसतं.
आवाज टेकडीपलीकडे विरेपर्यंत बसून राहतं.
मग पुन्हा आडवं होतं, बुटांसकट.

बाप आला, आणि बूट घालण्यात वेळ गेला,
आणि तो तेवढ्यात निघून गेला तर?

दहाव्या रात्री सेवजिद त्याच्या खाटेशी जाऊन बसली.
समजूत घातली नाही. कुशीत ओढलं नाही.
आपले बूट पुढे करून दाखवले.
म्हणाली, एकानं तयार राहिलं की पुरे.
तू झोप. मी बूट घालून झोपते.
तो आला तर मी धावत जाऊन मोटरसायकल धरते,
तू सावकाश ये.

पोरानं बराच वेळ विचार केला.
मग एक बूट काढला.
दुसरा, तिसऱ्या दिवशी.

आता जानेवारी आहे.
सेवजिद अजून बूट घालूनच झोपते.
मी विचारलं, त्याला कळतं तरी का आता?
ती म्हणाली, मला कळतं ना.

हे कुठल्या चौकटीत बसवू?

परवा तिला ताप भरला.
रात्रीची जबाबदारी माझ्यावर आली.
मी शेगडीपाशी गादी टाकली, मोजे पसरले,
दिवा मालवणार, एवढ्यात अनवाणी पावलं आली.
थांबली. माझे पाय निरखून पाहिले.

आज पाळी तुमची?

चार महिन्यांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य,
तेही हजेरी घेतल्यासारखं.
मी मुकाट्यानं बूट चढवले. नाड्याही बांधल्या.
त्यानं गाठ ओढून पाहिली आणि गेला.

बूट घालून झोप येत नाही, कुणी करून बघावं.
बोटं आखडतात, पोटऱ्या जड होतात,
आणि कान आपोआप रस्त्याकडे लागतात.
त्याच्या त्या नऊ रात्री मी तेव्हा प्रथम मोजल्या.
तासांत.

तीनच्या सुमाराला एक मोटरसायकल आली.
लांबून, बर्फावरून, कण्हत.
दाशन्याम कूस बदलून झोपला होता,
एक पाय पांघरुणाबाहेर, तळवा उघडा.

उठून बसलो होतो मी.
आवाज टेकडीपलीकडे विरेपर्यंत.