चार लांब, दोन आखूड

त्या वर्षी प्रॅक्टिकलच्या सकाळी
हिंदुरावांनी टेबलावर पाच बशा मांडल्या,
ओल्या टीपकागदावर ताजी फुलं.
मोहरी शियेच्या मळ्यातली,
तिळवण उसाच्या पाटाकडेची,
शेवगा वसतिगृहामागचा,
वाघाटी पन्हाळ्याच्या उतरणीवरची.
तिच्या आकड्यांनी मनगटं ओरबाडलेली असणार,
कारण उकाड्यातही त्यांनी बाह्या दुमडल्या नव्हत्या.
पाचव्या बशीत पपई.

मी म्हटलं, हिंदुराव, ही इथं कशी?
ते भिंगं पुसत राहिले.

मी मोहरीपासून सुरू केलं, नेहमीसारखं.
चार निदल, चार पाकळ्या, फुली मारल्यागत.
आत सहा पुंकेसर, चार लांब, दोन आखूड,
फोटोवाल्यानं दोघांना पुढं बसवल्यासारखे.
अंडाशयात मधोमध पडदा;
पण खोली मुळात एकच असते, पोरींनो,
पडदा मागाहून आलाय,
भावाभावांनी घालून घेतात तसा.

तिळवणीच्या पाकळ्याही चारच,
पण सगळ्या एका अंगाला कललेल्या.
पुंकेसर तेच सहा, मात्र एका दांडीवर चढलेले,
जोतिबाच्या गर्दीत बापानं खांद्यावर घेतलेल्या पोरांसारखे.

वाघाटीपाशी तब्बसुम मुजावर अडली.
तेवीसपर्यंत मोजायची, चुकायची, पुन्हा एकपासून.
बाई, असंख्य लिहू?
लिही, म्हटलं, पण थकल्यावर.
तोवर पांढरं फूल कडेनं गुलाबी व्हायला लागलं होतं
आणि अंडाशय लांब देठावर, सगळ्यांच्या पुढं,
एकटाच बाहेर डोकावत होता.

शेवग्यात पाच पाकळ्या, एकीसारखी दुसरी नाही.
पाच पुंकेसर कामाचे,
पाच नुसते हजेरीपुरते.
(आमच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य बरंच फिरलं.)

आणि पपई?
नराची फुलं नळ्यांची, झुबक्यानं लोंबणारी,
मादी मेणासारखी जाड, खोडाला बिलगून.
ना फुली, ना सहा.
माझ्या वहीत तिचं घर कृष्णकमळाच्या शेजारी होतं.
मी बशी उचलून खिडकीत ठेवली.

तेव्हा ते बोलले, एवढंच,
"बी चावून बघा, बाई.
मुळ्याची शेंग, शेवग्याचं मूळ, ही तिळवण,
सगळं नाकात एकाच जागी जातंय."

बाहेरचे परीक्षक सांगलीहून येऊन बसले होते.
मी काही चावलं नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी, एका उजळणी वर्गात,
पडद्यावर फांद्यांचा नकाशा उघडला,
आणि मोहरीच्या गणात, एका लांबच्या फांदीवर,
पपई.
कुणी हात वर केला नाही. चहा आला.

त्या रविवारी कपिलतीर्थ मंडईतून एक पपई आणली,
राजारामपुरीतल्या ओट्यावर चिरली.
काळ्या बिया, ओल्या, बुळबुळीत, भिंतीला चिकटलेल्या.
एक दाताखाली धरली.
आधी काहीच नाही,
मग तो झणका, टाळूतून वर,
डोळ्यांच्या मागं, नेमक्या त्याच जागी,
जिथं आईच्या हातची फेसलेली मोहरी जायची.
नळ सोडून उभी राहिले. डोळ्यांना पाणी आलं,
ते कशाचं, ते नीट सांगता येणार नाही.

आयुष्यभर मी पाकळ्या मोजल्या.
मोजणं खोटं नव्हतं;
पण कुणाचं कूळ कुठं जुळतं
हे त्या माणसाला बोटांच्या वासावरून ठाऊक होतं,
संध्याकाळी ट्रे धुता धुता,
अभ्यासक्रम बदलायच्या कितीतरी आधी.
आणि त्याच्या पगारपत्रकावर हुद्दा होता
प्रयोगशाळा परिचर.

शिरोळला फोन लावला, त्यांच्या मुलाकडं.
हिंदुरावांना आता कमी ऐकू येतं.
मी ओरडून म्हटलं, पपई!
मोहरीच्याच गणातली निघाली!
पलीकडं भांड्यांचा आवाज, मग थोडी शांतता.
"व्हय," ते म्हणाले.
"आणि वाघाटी आणायला
आता कोण जातंय?"