कात्रण

कुताइसीत, रिओनी नदीच्या वरच्या अंगाला,
परिचारिकांच्या शाळेत मी मानसशास्त्र शिकवते.
पहिलं वर्ष, मंगळवारी संध्याकाळी.
प्रोजेक्टरचा पंखा खोकत असतो,
पडदा म्हणजे इस्पितळाची चादर,
कोपऱ्यात निळा शिक्का: विभाग तीन.

पुस्तकातल्या व्याख्या पोरी घोकतात
आणि परीक्षेच्या पायरीवर सांडून येतात.
म्हणून सिनेमा.
घंटा, कुत्रा, लाळ हे कशाला सांगत बसू?
जिन्यात बूट वाजतात,
दार अजून उघडलेलंही नाही
आणि ताम्ताचा हात केसोच्या मनगटावर.
‘हेच ते,’ म्हणत मी दिवा लावते.
पोरी हसतात. हात सोडत नाहीत.

स्मृतीच्या धड्याला एक जुना कृष्णधवल सिनेमा.
नवरा युद्धावर, बाई खिडकीत.
बर्फ, जर्दाळूचा बहर, पुन्हा बर्फ,
शेवटी बाई खिडकीतच.
मग मी कागद वाटते: तिची शाल कोणत्या रंगाची होती?
दर वर्षी अर्धा वर्ग लिहितो, लाल.
दर वर्षी मला तोच आनंद होतो,
थोडासा दुष्ट.

यंदा मागच्या बाकावर ओतिया यायचा,
शाळेचा रखवालदार, बॉयलर पेटवून झाला की.
त्यानंही कागद मागून घेतला.
शाल करडी, त्यानं लिहिलं,
तिथं सगळंच करडं असतं, मास्तरीणबाई.
आणि खाली, कुणी न विचारता:
शेवटी ती खिडकी लावून घेते.

मी ते वर्गाला वाचून दाखवलं.
नाव घेतलं नाही, पण अक्षराला कोळसा लागला होता.
‘बघा,’ म्हटलं, ‘मनाला शेवट लागतो,
नसला तर ते स्वतःच शिवून घेतं.
छातीठोक सांगितलं म्हणजे खरं होत नाही.’
पोरींनी उतरवून घेतलं.
ओतिया टोपी घडी करत राहिला,
उलगडत राहिला.

पुढच्या मंगळवारी तो वर्ग भरायच्या आधी आला,
चहाचा एक पत्र्याचा डबा घेऊन.
आत फिल्मची गुंडाळी, हातभर लांब.
‘गावातल्या थिएटरात मशीन मी चालवायचो.
पहिल्या खेळाआधी एक साहेब आला, म्हणाला,
आपल्या बायका वाट पाहतात, खिडक्या लावत नाहीत.
कात्री माझीच होती.’
एवढंच. मग चाळीस वर्षांची मिठाची गुळणी
पुन्हा तोंडात धरून उभा राहिला.

मी पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली.
नखाएवढी बाई, नखाएवढी बाई, नखाएवढी बाई.
‘वरून खाली वाचा,’ तो म्हणाला,
पहिलीतल्या पोराला सांगावं तसं.
हात चौकटीवर. हात कडीवर.
काचेत झाडाचं प्रतिबिंब येतं, बाई त्यामागे जाते,
मग नुसतं झाड.

संध्याकाळी मी वर्गात उभी राहिले
आणि धडा उलटा शिकवायला लागले.
जमला नाही. पोरींनी विचारलं,
‘मग परीक्षेत काय लिहायचं?’

आता पेपर आलेत.
एकोणीस जणींनी लिहिलंय, बाई खिडकी लावून घेते.
ताम्ता लिहिते, कडीचा आवाज स्पष्ट ऐकू आला.
त्या पट्टीला आवाजच नव्हता,
आणि ती मी कुणाला दाखवलीही नव्हती,
फक्त सांगितली होती.

लाल पेन हातात घेऊन बसलेय.
खाली ओतिया बॉयलरची राख काढतोय.
मीही डोळे मिटून पाहिलं मघाशी:
काच, झाड,
आणि जाताना तिच्या खांद्यावरची शाल,
कशी सांगू,
चक्क लाल.