मुलुंडची नऊ मतं

मुलुंडचा निकाल रात्री पावणेअकराला आला,
लिफ्ट तेव्हा तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये होती.
पास्कल डिमेलो एक्याण्णव.
सुमती आवळे चौऱ्याहत्तर.
पेडामकर, अकरा वर्षं युनियनचा अध्यक्ष, अडतीस.
दिगंबर कुळे नऊ.

मी लिफ्टमन. परळच्या या हॉस्पिटलात
एकोणतीस वर्षं स्टुलावर बसून
लोकांची अर्धी वाक्यं ऐकतो.
दार उघडलं की वाक्य तुटतं,
उरलेलं व्हरांड्यात कुठेतरी पुरं होत असेल.
वर-खाली यावरचे विनोद मला सांगू नका,
सगळे होऊन गेलेत.

सकाळची पाळी.
तळमजला ते दुसरा : ‘पेडामकर संपला.’
दुसरा ते पाचवा : ‘कसला संपतोय! मुलुंड म्हणजे काय,
दोनशे बारा डोकी, निम्मी कालची पोरं.
परळ येऊ दे, सायन येऊ दे, मग बोल.’
आवळे सिस्टरच्या बाया म्हणतात,
आम्ही पन्नास धरले होते, आले चौऱ्याहत्तर,
म्हणजे दुसऱ्या आलो तरी पहिल्याच की!
आणि पास्कलची माणसं पहिली येऊनही
एवढी घाबरलेली मी पाहिली नव्हती,
जशी काही उधारीवर आणलेली एक्याण्णव मतं
कुणी संध्याकाळी परत मागायला येणार आहे.

किचनचा साटम दुधाच्या वहीच्या मागे
पाच हॉस्पिटलांची बेरीज मांडतो.
म्हणाला, मुलुंड ज्याचं, युनियन त्याची. लिहून घे.
ट्रॉली रिकामी करून खाली येताना म्हणाला,
मुलुंडला जिंकलेला पुढे टिकतोय कुठे?
मी काही बोललो नाही.
दोन्ही वेळा त्याचा चेहरा तितकाच खात्रीचा होता.

दुपारी पेडामकर स्वतः आला.
एरवी तो नुसता आकडा बोलतो, सहा, की मी सहा दाबतो.
आज त्याने स्वतः बटण दाबलं
आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा माझं नाव विचारलं.
सांगितलं.
उतरताना त्याने मला दुसऱ्याच नावाने रामराम केला.

कुळे शवागारात असतो.
तो लिफ्टमध्ये शिरला की हिशेब थांबतात,
रिकाम्या हातांनी शिरला तरी.
उभा कशासाठी राहिलास, कुणीच विचारलं नव्हतं.
पत्रकावर दोनच मागण्या :
शवागारातल्या मोरीला गरम पाणी,
आणि बाहेर थांबणाऱ्यांसाठी एक बाक.

रात्री साडेआठला लॅबचा निजामपूरकर
त्याला गाठायला मुद्दाम लिफ्टमध्ये चढला.
‘कुळे, मंगळवारी परळचं मतदान.
तुझं काही व्हायचं नाही, तुलाही ठाऊक आहे.
बसून घे. तुझे नऊ पास्कलला दे.
बाकाचं बघू आम्ही.’

कुळेने हात पुसले. कोरडेच होते.
‘देऊ कसे?’ म्हणाला,
‘ते माझ्यापाशी नाहीत. मला त्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत.
मी मुलुंडला एकदाच गेलोय,
गेटवर पत्रकं वाटली, अर्धा तास.
कोण असतील हो हे नऊ?’

निजामपूरकर हसला, चौथ्यावर उतरला,
बाहेरून म्हणाला, ‘विचार कर.’
दार लागलं.
कुळे विचारच करत होता,
पण निजामपूरकर म्हणाला त्याचा नाही.
‘रविवारी सुट्टी आहे माझी,’ मला म्हणाला,
‘जाऊन येईन मुलुंडला. पाळी सुटते तेव्हा
गेटवर उभा राहीन. काही विचारणार नाही कुणाला.
नुसता बघेन, कोण आपल्याकडे बघतं.’

माझं मत मंगळवारी आहे.
कुणाला, ते सांगणार नाही.
सातव्या मजल्यावरून कुणीतरी
केव्हाची बेल दाबून धरली होती.