कार्यवृत्तांत कायम करणे

विषय क्रमांक एक, दर सभेचा, ठरलेला:
मागील सभेचा कार्यवृत्तांत कायम करणे.
लघुलेखनात त्याची खूण गळासारखी, वाकडी.
आणि 'सभागृहात गोंधळ' एवढ्यासाठी
मी नुसता ठिपका ठेवते.
सव्वीस वर्षांच्या नोकरीतले ठिपके जोडले
तर गड्ड्याच्या जत्रेएवढी रांगोळी होईल.

परवा नववा विषय उड्डाणपुलाचा.
अशोक चौकात चढणार,
उतरणार कुठे, यावर तीन नकाशे.
दहावा विषय दुसऱ्या जलवाहिनीचा.
दहावा नेहमी चहानंतर येतो
आणि चहानंतर कोरम जातो.

कलशेट्टी म्हणाले, पूल म्हणजे शहराचं नाक.
समोरून गाजरे म्हणाले, नाक राहू द्या,
तोंड धुवायला पाणी कुठंय?
बाकं वाजली. ठिपका.
मग उपसूचना, उपसूचनेला उपसूचना,
तुमच्या काळात काय दिवे लावले,
दिवे लावले, पण बिल तुम्ही थकवलंत,
राजदंडाकडे धावलेला एक सदस्य
वाटेत चपलेत अडकला.
ठिपका. ठिपका.

आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी, रात्री अडीचला.
रेवणसिद्ध चार फुटी चावी खांद्यावर टाकून येतो.
सतरा फेरे डावीकडे, तासाभरानं सतरा उजवीकडे.
त्याला डाव्या-उजव्याचा एवढाच अर्थ ठाऊक.
आई तोवर जागी. मांडीवर सूप,
कात्रीनं तेंदूपान कापत
ती रात्रीची लांबी विड्यांच्या जुड्यांत मोजते.

अभिलेख कक्षात मी गेले होते दुसऱ्याच कामाला.
वाळवीनं कडा खाल्लेलं ब्याण्णवचं बाड उघडलं.
विषय नववा: पूल. विषय दहावा: पाणी.
तेव्हा कलशेट्टी समोरच्या बाकावर होते, तरुण,
म्हणत होते, तोंड धुवायला पाणी कुठंय?
आणि गाजऱ्यांचे वडील सत्तेत,
म्हणत होते, पूल म्हणजे शहराचं नाक.
चप्पलसुद्धा होती.

पानाच्या तळाशी एक ओळ:
'सदस्य श्री. लिंगय्या चिट्याल परभाषेत बोलले. नोंद नाही.'

नोंद नाही, पण आमच्या घरी होती.
अप्पांचा माग त्यांच्या शेजारचाच होता.
चिट्याल उभे राहिले आणि दोनच शब्द बोलले,
नीळ्ळू एप्पुडू?
पाणी कधी?
सभागृह हसलं, म्हणे. मराठीत बोला, म्हणे.
ते तसेच खाली बसले, टोपी हातात घेऊन.

या वेळी मी नवं काही टंकलं नाही.
तीच पाच पानं उतरवली.
तारीख बदलली, बाकं बदलली,
रकमेपुढे दोन शून्यं जास्त दिली.
फक्त तळाशी 'नोंद नाही' खोडून
ते दोन शब्द घातले, नावासकट.
हात कापत होता, खोटं कशाला सांगू.
दोन वर्षं राहिलीत पेन्शनला.

काल सभा झाली. विषय क्रमांक एक.
सूचक कलशेट्टी, अनुमोदक गाजरे.
कुणी पान उलटलं नाही.
एकमतानं कायम.
आख्ख्या वर्षातलं ते एकमेव एकमत,
सही झाली, गोल शिक्का बसला,
आणि जाऊन अकरा वर्षं झालेले चिट्याल
यंदाच्या सभेला हजर लागले.

भत्ता मागायला येणार नाहीत, एवढं बरं.

आज पाचवा दिवस. अडीच वाजलेत.
गल्लीच्या तोंडाशी चावी फिरतेय,
आई सूप बाजूला ठेवून घागर लावते.
नळ आधी हवा सोडतो,
खाकरतो, थांबतो, पुन्हा खाकरतो,
भाषणाला उभं राहिल्यासारखा.