मजुरीच्या बदल्यात

बजरंगमामा गलाई सोडून विट्याला परतला,
तेव्हा ट्रंकेत सोनं नव्हतं.
एक्केचाळीस तबकड्या,
कव्हरांवर तेजाबानं पिवळ्या पडलेल्या बोटांचे ठसे.

मागांची पाळी बदलते त्या अर्ध्या तासात
एक बाजू मावते. रोज एक.

त्रिशूरचा चेंडा लावला,
आई आतून ओरडली, पत्र्यावर गारा पडतायत का गं?
कलकत्त्याच्या बाईचा शब्द कळला नाही एकही,
भाकरी मात्र करपली.
ट्रंपेटवाला दोनदा लावला, दोनदा बंद केला.
मामा म्हणाला, मलाही नाही आवडला.
सराफानं मजुरीच्या बदल्यात दिलेला.

कानपुरी कव्वालीत सुई अडकते.
एकच 'हाय', पुन्हा पुन्हा.
उठून उचलत नाही मी. मोजते.
सतराव्याला मामा पलीकडे कूस बदलतो.

सराफकट्ट्यावरचा केर विकत घ्यायचा तो,
जाळायचा, धुवायचा, गुंजभर काढायचा.
चाळिसावी नुसती खरखर, दोन्ही बाजू.
पुरी ऐकली.

एक्केचाळिसावीचं प्लास्टिक अजून फाडलेलं नाही.
वर मामाचं अक्षर: घरी गेल्यावर.

घरी येऊन सहा वर्षं झाली त्याला.